मोगली कुणाच्या गावात गेला?

१९९३ साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचे. रामायण-महाभारताच्या वेळी रस्ते कसे ओस पडत याचे गोडवे आजही गायले जातात, पण मोगलीच्या वेळी आमच्या वस्तीत काय होत असे ते कुणी लिहिले नाही. अख्ख्या ओळीत एकच ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता. त्या घराच्या दारात, खिडकीत, चुलीजवळ जागा मिळेल तिथे पोरे बसत आणि त्यांच्या मागे त्यांच्या आया उभ्या राहत. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. तो आवाज आला की पोरे एकमेकांना चिकटत. ही मालिका जपानी आहे हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९० मध्ये केलेले हे बावन्न भाग हिंदीत बोलू लागले आणि आमचेच झाले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तेव्हा माझ्या घरातील नव्या पिढीनेही ती पाहिली आणि शेवटाशी येऊन थांबली.

शेवट असा आहे. लांडग्यांनी वाढवलेला मोगली अखेर जंगल सोडतो आणि माणसांच्या गावात राहायला जातो. बघीरा, बल्लू, लांडगे यांच्याशी त्याचे नाते तुटत नाही, पण घर आता गावात. पोरांना हा शेवट आवडतो. आम्हालाही आवडला होता. फक्त आमच्या मोठ्या आईने त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता विचारले होते, "गावात गेला खरा, पण त्याची जात कोणती म्हणून विचारतील तेव्हा काय सांगेल रे?" आम्ही हसलो होतो. ती शाळेत गेलेली नव्हती. आज वाटते, त्या खोलीत मालिका खऱ्या अर्थाने तिनेच पाहिली.

ज्याच्या पुस्तकावरून ही मालिका झाली तो रुडयार्ड किपलिंग काही आपला माणूस नव्हे. तो साम्राज्याचा भाट होता, गोऱ्या माणसाच्या ओझ्याचे गुणगान करणारा. पण १८९४ आणि १८९५ च्या त्याच्या दोन पुस्तकांत त्याने जे पाहिले ते लपवले नाही. मोगली गावात जातो तेव्हा माणसामाणसांतील जातीचा भेद त्याला ठाऊकच नसतो. कुंभाराचे गाढव मातीच्या खड्ड्यात घसरते आणि हा पोरगा त्याला ओढून बाहेर काढतो. गाव हादरते. कुंभार हलका आणि त्याचे गाढव त्याहून हलके! पुजारी रागावतो, तर मोगली त्यालाच गाढवावर बसवण्याची धमकी देतो. पुढे हेच गाव त्याला चेटक्या ठरवून दगड मारून हाकलते. ज्या बाईने त्याला पोटच्या पोरासारखे घरात घेतले, त्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला डांबून ठेवते, जाळण्याचा बेत करते आणि त्यांची जमीन व गुरे वाटून घ्यायची हेही ठरवते.

वाचकांना हे ओळखीचे वाटले असेल. किपलिंगची कथा सिवनीच्या जंगलातली आणि त्यातली नदी वैनगंगा. ही नदी सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि खाली भंडाऱ्यात येते. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना जिथे पाडले गेले तोच हा भंडारा. २९ सप्टेंबर २००६ ला जिथे भोतमांगे कुटुंबाचा संहार झाला ते खैरलांजीही याच जिल्ह्यातले. तिथेही जमिनीचा वाद होता. तिथेही स्वाभिमानाने जगणाऱ्या एका घराला 'धडा शिकवण्या'साठी गाव एक झाले होते. मोगली ज्या गावात राहायला गेला त्या गावाचे हे रूप रविवारच्या मालिकेच्या शेवटात नाही. तिथे गाव म्हणजे माणुसकीचे घर आहे.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाचा जो समाचार घेतला तो आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. गाव सोडा, शहर गाठा, शिका, ही आपली शिकवण आहे आणि त्यातून आपली दोन-तीन पिढ्या माणसात आली. म्हणून एक गोष्ट सरळ मान्य करतो. जंगलातल्या माणसाने जंगलातच राहावे, लंगोटी लावून नाचावे, आणि शहरातल्यांनी त्याचे फोटो दिवाणखान्यात लावावेत, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. मोगलीला बाहेर यायचे असेल तर त्याने जरूर यावे. प्रश्न आहे तो बाहेर येताना त्याच्या हातात काय असते याचा. आपण गाव सोडले तेव्हा गावात आपले होतेच काय? महारकी सोडली, मेलेली गुरे ओढायची सोडली. गमवायला नव्हते म्हणून सोडणे सोपे होते. आदिवासीचे तसे नाही. त्याच्याकडे जंगल आहे, डोंगर आहे, आणि डोंगराखाली लोखंड आहे.

किपलिंगने मोगलीचा आणखी एक शेवट लिहिला आहे आणि तो पहिल्यांदा लिहिला आहे. १८९३ साली, 'जंगल बुक'च्या एक वर्ष आधी, त्याने मोठ्या झालेल्या मोगलीची गोष्ट छापली. त्या गोष्टीत मोगली कोण होतो? सरकारी जंगलखात्याचा रखवालदार! खात्याचा जर्मन साहेब त्याला कामे समजावून सांगतो. हुकूम नसेल तेव्हा गावकऱ्यांच्या शेळ्या जंगलातून हाकलायच्या, वाघ कुठे फिरतो ते साहेबाला सांगायचे, वणवा लागला तर आधी वर्दी द्यायची. त्याबदल्यात महिन्याला चांदीचे रुपये आणि म्हातारपणी पेन्शन. १८७८ च्या जंगल कायद्याने इंग्रजांनी लाखो एकर रान 'राखीव' केले होते. कालपर्यंत ज्यांचे होते ते एका रात्रीत चोर ठरले होते. त्या चोरांवर पहारा ठेवायला त्यांच्यातलाच सर्वांत हुशार पोरगा निवडला गेला, आणि कथा सुखान्त झाली.

तीच वैनगंगा भंडाऱ्याहून खाली येते, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वाहते, वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. आलापल्लीहून आत एटापल्ली आणि एटापल्लीहून पुढे हेडरी, सूरजागड. हा माडिया गोंडांचा मुलूख. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. सूरजागड इलाख्यातील सत्तर गावे जानेवारीच्या सुरुवातीला यात्रेला जमतात. १८५८ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांचे नाव या डोंगराशी जोडलेले आहे. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपुरात फाशी दिले. त्याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. दोन्ही ऑक्टोबरचे कार्यक्रम आपापल्या मंडपात होतात. एका मंडपातले लोक दुसऱ्या मंडपात फारसे जात नाहीत, हे मी खेदाने लिहितो.

या डोंगरावर २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला देण्यात आला. साल लक्षात घ्या. वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला होता आणि तो प्रत्यक्ष लागू झाला २००८ उजाडताना. जंगलावरचा हक्क कायद्याने कबूल झाला होता, पण मागायला दार उघडले नव्हते, त्या मधल्या वर्षात पट्टा झाला. १९९६ चा पेसा कायदा मात्र तेव्हाही होता. २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याचा खून केला, डिसेंबर २०१६ मध्ये सत्तरहून अधिक वाहने जाळली. बंदुकीने आदिवासींचा कोणता हक्क मिळवला ते त्यांनी सांगावे. उलट जो कोणी खाणीबद्दल तोंड उघडेल त्याला नक्षलसमर्थक म्हणण्याची सोय मात्र झाली. २०२१ पासून खोदकाम जोरात सुरू झाले. २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत उत्पादन वाढवायला पर्यावरण मंजुरी मिळाली.

त्या वाढीसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. कुठे? गडचिरोलीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, सूरजागडपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. ज्याच्या देवाचा डोंगर खोदायचा त्याने पहाटे उठून, गाडी मिळवून, बंदोबस्तातून वाट काढत दीडशे किलोमीटर जायचे आणि त्याची मातृभाषा नसलेल्या भाषेत दोन मिनिटांत आपले म्हणणे मांडायचे. याला सुनावणी म्हणतात! तोडगट्ट्याला दमकोंडवाहीच्या प्रस्तावित खाणींविरुद्ध लोक २०२३ मध्ये अडीचशे दिवसांहून अधिक काळ बसले होते. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते आंदोलन मोडून काढले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाणीत आणि चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्यात स्थानिक तरुणांना काम मिळाले आहे, हे खोटे नाही. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री तिथे आले, ज्या रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर कधी एसटी धावली नव्हती त्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर एसटी सुरू झाली, आणि कामगारांना कंपनीचे शेअर दिल्याच्या बातम्या आल्या. पगाराची किंमत मला कळते. माझ्या बापाने महिन्याच्या सात तारखेवर संसार केला. आलापल्लीच्या रस्त्यावर अंगात गणवेश, खिशात मोबाइल घेऊन उभा असलेला माडिया पोरगा मला केविलवाणा वाटत नाही. पण त्याच्याकडे पाहताना किपलिंगची ती पहिली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. खाणीच्या फाटकावर तो पहारा देतो तो कुणापासून? फाटकाच्या आत ठाकूरदेव आणि बाहेर त्याचाच काका. पगार आहे, उद्या पेन्शनही असेल. मालकी कुठे गेली?

आणि मालकी होती, हे तर किपलिंगनेही लिहून ठेवले आहे. मेसुआचे गाव जंगलाच्या रोषाला घाबरते तेव्हा ते गोंडांच्या मुखियाला बोलावते. त्या ठिकाणी किपलिंग गोंडांना या भूमीचे मूळ मालक म्हणतो. गाव त्याला विचारते, तुमच्या देवांचा कोप झाला आहे का? तो फारसे बोलत नाही. रानकारल्याचा एक वेल उचलतो, देवळाच्या दारावर आडवातिडवा बांधतो आणि आल्या वाटेने निघून जातो. आता या गावात रान येणार, एवढेच त्याला सांगायचे असते. इंग्रजांच्या त्या भाटाला 'मालक' हा शब्द सुचला. आपल्याकडे १९५२ पासून एक संघटना याच लोकांना 'वनवासी' म्हणत फिरते. वनात वास करणारा, म्हणजे भाडेकरू! शब्द उगाच बदलत नाहीत. आदिवासी म्हटले तर तो आधीचा ठरतो, आणि मग आपण केव्हा आलो हे सांगावे लागते.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'त हा प्रश्न हिंदूंना विचारला होता. इतक्या आदिवासींना तुम्ही हजारो वर्षे तसेच का ठेवले? उत्तरही त्यांनीच दिले. त्यांना जवळ करायचे तर त्यांच्यात राहावे लागेल, आपले मानावे लागेल, आणि जात ते होऊ देत नाही. त्या लेखनात आदिवासींच्या अवस्थेबद्दल आलेला 'रानटी' हा शब्द आजच्या आदिवासी तरुणाला खटकतो. त्याला खटकला तर आपण रागावण्याचे कारण नाही. पण जो प्रश्न हिंदूंना विचारला तोच आज आपल्यालाही लागू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या किती बौद्ध वकिलांनी वनहक्काचा एखादा सामूहिक दावा लिहून दिला? किती शिक्षकांनी पेसाचे नियम ग्रामसभेत वाचून दाखवले? शिवाय हा प्रश्न परोपकाराचा नाही. जंगलपट्ट्यातील आपलीही माणसे जमीन कसतात, आणि वनहक्क कायद्यात बिगरआदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या आज्याच्या नावावर कधी कागदच झाला नाही त्याने तो कुठून आणायचा? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. त्या लढ्याचे उरलेले काम जंगलाच्या कडेला पडले आहे.

मोगलीचा वेगळा शेवट होऊच शकत नाही असे नाही. याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात, देवाजी तोफांच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्यावर विकायला सुरुवात केली. तिथला पोरगा शाळेत जातो, शहरात जातो, परतही येतो, आणि आला की ग्रामसभेत बसतो. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मत दिले आणि बाराही जणींनी खाण नाकारली. डोंगर तिथेच आहे.

सूरजागडला हा अधिकार कुणी दिला नाही. म्हणून आपल्या पक्षांनी, गट कुठलाही असो, निदान एवढी मागणी एकत्र लावून धरावी, की यापुढे या जिल्ह्यातील कुठल्याही खाणीची जनसुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न होता खाणीच्या गावात होईल, माडिया भाषेत होईल, आणि तिच्या आधी त्या इलाख्यातील प्रत्येक ग्रामसभेचा लेखी ठराव घेतला जाईल. येत्या जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला सत्तर गावे डोंगरावर येतील. निळा झेंडा घेऊन कुणी गेलेच, तर तिथे भाषण करू नये, बसून ऐकावे.