विटांचे जहाज

वाचकहो, या पानावर मी सहसा पुस्तकांविषयी लिहितो. पण दिवाळीत जिभेला असते तशी थोडी मोकळीक लेखणीलाही असावी. तेव्हा आज विटांविषयी.

उन्हाळ्याच्या सुटीत धाकट्या बहिणीकडे अ‍ॅम्स्टरडॅमला गेलो होतो. निघताना अप्पांनी एक कागद हाती दिला. गिरगावातली आमची चाळ पाडून तिथे उंच इमारत उठायची आहे, तिचे संमतिपत्र. "तू शिकलेला. वाचून सांग, सही करू की नको," एवढेच म्हणाले. चाळ शंभरीची. विटांच्या भिंती, लाकडी जिना आणि गॅलरीच्या टोकाला सहा बिऱ्हाडांत मिळून एक संडास. मी कागद बॅगेत टाकला आणि विसरलो. खरे म्हणजे विसरल्याचे सोंग केले.

एका रविवारी बहीण म्हणाली, "दादा, चल, तुला इथली चाळ दाखवते."

रेल्वेच्या रुळांलगत स्पार्नदामरबुर्त नावाची मजुरांची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका तिकोनी जागेवर घरांची सलग रांग उभी आहे. आकारावरून लोक तिला 'हेत स्खिप', म्हणजे जहाज, म्हणतात. घरे 102. मिशेल द क्लर्क या वास्तुशिल्पीने ती एका गृहसंस्थेसाठी उभी केली. 1921 साली काम पुरे झाले. 1901 च्या गृहनिर्माण कायद्यामुळे अशा संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागले होते. गृहसंस्थेचे नाव मात्र मला फार आवडले: 'आयखन हार्ट'. अर्थ, आपली चूल.

मी गिरगावकर. वीट मला काय नवी? पण या विटा नुसत्या एकावर एक रचलेल्या नाहीत. कुठे उभ्या, कुठे आडव्या, कुठे भिंतच लाटेसारखी फुगलेली. शिवाय एक मनोरा आहे. त्यात घंटा नाही, पाण्याची टाकी नाही, काहीच नाही. तो केवळ शोभेसाठी. शोभा, आणि ती दिवसभर राबून येणाऱ्यांच्या घरांना! मी मान वर करून किती वेळ उभा होतो कोण जाणे. बहिणीने शर्टाची बाही ओढली तेव्हा भानावर आलो. हा द क्लर्क 1923 साली, ऐन वाढदिवशी वारला. वय अवघे 39.

रांगेच्या टोकाला टपाल कचेरी होती. ती 1999 साली बंद झाली आणि 2001 पासून तिथे संग्रहालय आहे. शंभर वर्षांपूर्वीचे कामगाराचे घरही तिथे मांडून दाखवले आहे. पण संग्रहालये मी पुष्कळ पाहिली आहेत. माझी नजर खिळली ती शेजारच्या खिडक्यांवर. पडदे होते, कुंड्या होत्या. माणसे अजून तिथे भाड्याने राहतात आणि घरमालक अजून तीच 'आपली चूल'. वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुलूप आणि फलक येतो. इथे आतून कुणीतरी आपल्या मुलाला रागावत होते.

रात्री अप्पांना फोन लावला. विटा, मनोरा, सगळे सांगितले. माझ्यातला मास्तर रंगात आला होता. चाळ पाडू देऊ नये, असे जवळजवळ बोलूनच गेलो.

अप्पा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या घरांत संडास आहे का?"

"आहे. प्रत्येक घरात."

"पहिल्यापासून?"

"हो, पहिल्यापासून."

"मग ती राहिली यात नवल ते काय? तुझी आई शेवटच्या आजारपणात रात्री तीन-तीनदा ती गॅलरी चालत गेली. तुला आठवतंय ना?"

मला आठवत होते. संमतिपत्र अजून माझ्या टेबलावर आहे. मुदत पाडव्याला संपते.