आधी उतरायला शिकवा

घरात होव्हरबोर्ड आला की पहिल्या दिवशी सगळे मुलाला त्यावर चढवायला धावतात. एक जण डावा हात धरतो, एक उजवा, तिसरा मोबाइलवर व्हिडिओ काढतो. मूल चढतं, दोन वाव पुढे जातं, टाळ्या पडतात. त्याने खाली कसं यायचं, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. मग ते घाबरून दोन्ही पायांनी एकदम उडी मारतं किंवा एक पाय जमिनीवर आणि एक फळीवर अशा अवस्थेत गरकन फिरून पडतं. या यंत्रावरचा सगळ्यात धोक्याचा क्षण उतरण्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे शिकवणीची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

दिवाळीनंतर कुंडमला भाचीकडे गेले होते. जबलपूरहून शहापुरा, दिंडोरी करत अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. हिरण नदी इथेच उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. आजूबाजूला गोंड वस्त्या आणि जंगल. भाचीचे यजमान तिथे शिक्षक आहेत. त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीला पुण्याच्या काकाने वाढदिवसाला होव्हरबोर्ड पाठवला होता. खोक्यात बोर्ड होता, चार्जर होता आणि बारीक इंग्रजी अक्षरांतलं एक चोपडं. हेल्मेट नव्हतं, मनगटाला बांधायचे पट्टे नव्हते. हाड मोडलं तर गावात सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, पण हाडांच्या डॉक्टरसाठी बहुधा जबलपूरच गाठावं लागतं, म्हणजे जवळपास पन्नास किलोमीटर. म्हणून मी तिच्या आईबाबांना शेजारी बसवून ते चोपडं ओळीने वाचायला लावलं.

हे यंत्र चालतं कसं, ते मुलांना समजावून द्यावं. मुलं ते आपल्यापेक्षा लवकर पकडतात. बोर्डाचे दोन अर्धे भाग मधल्या सांध्यावर स्वतंत्र हलतात. प्रत्येक चाकाच्या पोटात मोटर असते आणि आत कल मोजणारा जायरोस्कोप. पाऊल पुढे कललं की चाक पुढे धावतं, कारण पडू पाहणाऱ्या माणसाच्या खाली येऊन त्याला सावरणं हेच त्याचं काम. पायाखालच्या रबरी पट्टीच्या आत दाबाने खाली जाणारे छोटे खुंट असतात. पाऊल पडलं की ते दबतात आणि माणूस वर आहे हे यंत्राला समजतं. यापलीकडे त्याला आपल्याबद्दल काहीही माहीत नसतं. सायकलवर पाय टेकला की सायकल आपल्या ताब्यात येते. इथे एक पाय टेकला तरी दुसरा जोवर पट्टीवर आहे, तोवर यंत्राच्या लेखी स्वार वरच आहे आणि ते तोल सावरत राहतं.

भाचीच्या लेकीचं नेमकं तेच होत होतं. ओसरीवर ती छान उभी राहायची, वळायचीसुद्धा. उतरताना डावा पाय खाली जायचा आणि उजव्याची टाच पट्टीवरच रेंगाळायची. सगळा भार त्या टाचेवर. मग उजवं चाक मागे पळायचं, बोर्ड गोल फिरायचा आणि पोर फरशीवर. बाबा म्हणायचे, उडी मार. तिला समोर बोलावून मी म्हटलं, "आधी पूर्ण थांब. चाक जागेवर उभं आहे ना, बघ. आता एक पाय मागे टाक आणि दुसरा लगेच वर उचल, घासत आणू नकोस." मागेच का, असं तिने विचारलं. पुढे उतरताना भार चवड्यावर जातो, बोर्ड पुढे धावतो आणि मागून घोट्यावर आदळतो. मागे उतरलं की बोर्ड डोळ्यांसमोर राहतो. "मग मावशीआजी, आधी कुठला पाय?" जो पाय आपण फुटबॉलला मारायला वापरत नाही, तो आधी खाली. भरवशाचा पाय शेवटपर्यंत वर. दुपारभर तिने फक्त चढ-उतार केली, एक फूटही पुढे न जाता. संध्याकाळी तिच्या पायांना ते अंगवळणी पडलं होतं.

यंत्राने तोल सोडण्याच्या आणि स्वाराने उतरण्याच्या क्षणांनी बड्या कंपन्यांनाही दमवलं आहे. डीन केमन यांनी 2001 मध्ये सेगवे जगापुढे आणली. दांडा धरून उभं राहायची ती गाडी. आपल्याकडे 2020 मध्ये वरळी सी-फेसवर मुंबई पोलिसांच्या गस्तीसाठी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्या हस्ते दाखल झाली, ती याच जातीची. 2003 मध्ये सेगवेच्या सुमारे 6,000 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बॅटरी संपत आली की मोटरला पुरेशी ताकद मिळत नव्हती आणि स्वार पडत होते. 2006 मध्ये पुन्हा 23,500 गाड्या. यावेळी दोष सॉफ्टवेअरचा होता. वेगमर्यादेमुळे गाडी मागे कलली असताना स्वार खाली उतरून लगेच पुन्हा चढला, तर चाकं अचानक उलट जोर लावायची. एका चाकाच्या वनव्हील या बोर्डाचंही तेच. क्षमतेपलीकडे ताणला की तो तोल धरणं सोडून देतो. अमेरिकेत 2019 ते 2021 या काळातल्या चार मृत्यूंची नोंद झाल्यावर सप्टेंबर 2023 मध्ये सुमारे तीन लाख वनव्हील परत मागवण्याची घोषणा झाली. म्हणून बॅटरी कमी असल्याची शिट्टी वाजली किंवा लाल दिवा लागला की 'आणखी एक फेरी' नाही. वेग कमी करायचा, थांबायचं, उतरायचं. यंत्राकडे तोल सावरण्याइतकी ताकद राहिलेली नसते, तेव्हा आपल्या तोलाचा काही उपयोग होत नाही.

पडणाऱ्यांमध्ये मुलंच जास्त. अमेरिकेत 2015 आणि 2016 या दोन वर्षांत होव्हरबोर्डवरून पडून जखमी झालेल्या मुलांचा अंदाजित आकडा 26,854 होता, सरासरी वय अकरा. सर्वाधिक इजा मनगटाला, कारण पडताना माणूस हात पुढे करतोच.

आता बिघाडाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड वेगळंच वागायला लागला. पोर उतरली तरी उजवं चाक गुणगुणत राहिलं. वडील तो तसाच उचलायला निघाले होते. त्यांना थांबवलं. चालू बोर्ड उचलायचा नाही, आधी बटण बंद करायचं, नाहीतर फिरतं चाक बोटं धरतं. बोर्ड बंद करून उजव्या बाजूची रबरी पट्टी कडेने उचलली. खाली मुरमाचे बारीक खडे अडकले होते आणि एक खुंट दबलेलाच राहिला होता. अंगणातून आल्यावर चपलेबरोबर आलेले खडे. कोरड्या ब्रशने ते झाडले, पट्टी खाचेत नीट बसवली, चाक गप्प. पाण्याने धुवायचं नाही, हे तिथेच बजावलं.

बोर्ड एका बाजूला झुकत असेल किंवा स्थिर उभं राहिल्यावरही सरकत असेल, तर बहुधा त्याची सपाटीची खूण हुकलेली असते. बंद करून सपाट फरशीवर दोन्ही भाग एका रेषेत ठेवायचे, दिवे लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचं, मग बंद करून पुन्हा चालू करायचा. बहुतेक बोर्डांना एवढं पुरतं. बटण किती सेकंद धरायचं, ते चोपड्यात असतं. चाक धक्के खात फिरत असेल, तर मोटरकडे जाणारी वायर सैल झालेली असू शकते. ते काम कारागिराचं. चार्जरचा दिवा लगेच हिरवा होत असेल आणि बोर्ड मात्र चालत नसेल, तर पिन वाकलीय का ते बघावं.

इथवरच्या गोष्टी घरी बघता येतात. बॅटरीला मात्र हात लावू नये. साधारण बोर्डात लिथियमच्या वीसेक सेलचा 36 व्होल्टचा गठ्ठा असतो आणि त्याचा चार्जर 42 व्होल्टचा. तशीच तीन पिनांची गोल टोपी असलेले वेगळ्या व्होल्टेजचे चार्जरही बाजारात आहेत. पिन बसली म्हणून चार्जर चालतो, असं नाही. जुलै 2016 मध्ये अमेरिकेत दहा कंपन्यांचे 5 लाख 1 हजार बोर्ड एकाच वेळी परत बोलावले गेले, कारण बॅटरी तापून धूर आणि आग. त्याच वर्षी यूएल 2272 हे सुरक्षा-मानक आलं. बोर्ड घेताना ती खूण बघावी. चार्जिंग दिवसा, घरातलं माणूस जागं असताना, फरशीवर करावं. पलंगाजवळ नको, बाहेर पडायच्या दाराशीही नको. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद गाडीत बोर्ड ठेवू नये.

एक गोष्ट मला विशेष काळजीची वाटते. महिनोन्‌महिने माळ्यावर पडलेल्या बोर्डाची बॅटरी इतकी उतरते की तिच्यातलं संरक्षक सर्किट चार्ज घ्यायला नकार देतं. मग एखादा मेकॅनिक 'डायरेक्ट करून देतो' म्हणतो, म्हणजे तो पहारेकरीच काढून टाकतो. बोर्ड चालू होतो, पैसे कमी लागतात, आणि आग लागण्याची शक्यता घरात येऊन बसते. नको म्हणा. बॅटरी फुगली असेल, गोडसर उग्र वास येत असेल, हाताला चटका बसत असेल, तर बोर्ड वापरणं तिथेच थांबवा. धूर दिसला की सामान सोडून सगळ्यांनी बाहेर पडा आणि 112 ला फोन करा. निकामी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, ती त्याच्याकडून पार पाडून घ्या.

पुण्या-मुंबईहून गावाकडच्या भाचरा-पुतण्यांना हौसेने असा बोर्ड पाठवणाऱ्या काका-मामांना, आत्या-मावशांना माझी विनंती आहे. त्याच खोक्यात हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे घाला. पार्सल पोहोचलं की व्हिडिओ कॉल लावा आणि मुलाला पहिल्यांदा फक्त चढून-उतरून दाखवायला सांगा.