बाळाची वाटी कोण भरतं?

कुपोषणाचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं: आईला बाळाच्या आहाराचं ज्ञान नाही, तिला शिकवा, प्रश्न सुटेल. डॉक्टर हे म्हणतात, अधिकारी म्हणतात, शहरातली शिकलेली माणसंही म्हणतात. हे मत चुकीचं आहे, आणि आईवर अन्याय करणारंही.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग त्याच्या जोडीला मऊ, घट्ट अन्न, हे आशाताई घरी येऊन सांगतात आणि लसीकरणाच्या दिवशी पुन्हा सांगतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. त्याच पाहणीत जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं सुमारे ४२ टक्केच. काही ठिकाणी सिझेरियन हे कारण असेल. एवढ्या तफावतीला ते पुरत नाही. बाळाच्या तोंडात मधाचं बोट जातं तेव्हा आई खाटेवर पडलेली असते. चाटवणारा हात घरातल्या मोठ्या माणसाचा असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जीवघेणा आजार होऊ शकतो हे सुनेला माहीत असलं, तरी त्या क्षणी सासूचा हात धरणं तिला जमत नाही.

पुढे वाटीची गोष्ट. उष्टावण थाटात होतं आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला मिळतं वरणावरचं पाणी नाहीतर पातळ पेज. घट्ट दिलं तर ‘पचायचं नाही’, ‘दात तरी येऊ देत’. केळ्याने सर्दी होते, अंडं उष्ण पडतं. सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर वाटीभर मावतं. ती वाटी पाण्याची असली की पोट भरतं आणि बाळ उपाशीच राहतं. चमचा कलता केला तरी ओघळत नाही इतकं घट्ट अन्न हवं. पण आईने मऊ भात, डाळ, तूप कालवून भरवलं आणि नेमके त्या रात्री जुलाब झाले, तर दोष तिच्या माथी. वरणाच्या पाण्यावर मूल वाळलं, तर मात्र ‘अंगकाठीच तशी’. रीत मोडल्याचा जाब एकटीला द्यावा लागतो आणि पाळल्याचा कोणालाच नाही, अशा घरात शहाणी बाईसुद्धा रीतच पाळते.

दुसरा आक्षेप गरिबीचा. तो मी खोडणार नाही. डाळ, अंडी विकत घ्यावी लागतात, आणि मजुरीला जाणाऱ्या बाईला दिवसातून तीन-चार वेळा भरवायला सवड कुठली? पण मग त्याच घरात बिस्किटाचा पुडा कसा येतो? बाळ असलेल्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून मामा आणतो, शेजारी आणतात. त्याने भूक मरते आणि जेवायच्या वेळी मूल तोंड फिरवतं. पुडा परत करावा तर पाहुण्याचा अपमान. चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पुड्याच्या जागी चॉकलेट येतं, एवढाच फरक.

म्हणून शिकवायचं असेल तर अख्ख्या घराला शिकवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम उभं केलं, तेव्हा आरोग्यशिक्षण आयांबरोबर आज्यांनाही दिलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. मोठं श्रेय गावातल्याच आरोग्यदूत बायांच्या उपचारांचं, हे खरंच. पण आजीला उंबऱ्याबाहेर ठेवून ते उपचार घरात पोचले असते, असं मला वाटत नाही. आजी शत्रू नाही. तिने त्याच रीतीने मुलं वाढवली आणि तिला कोणी कधी काही विचारलं नाही.

अंगणवाडीतल्या बैठकीला आईबरोबर आजीला आणि बापालाही बोलवा, आणि बापाच्या हाताने घास भरवून घ्या. बाळ असलेल्या घरी जाताना बिस्किटांऐवजी केळी न्या, चालत असतील तर अंडी न्या. आणि जुलाब झाले म्हणून आईला कोणी बोलू लागलं, तर तिथे गप्प बसू नका.