औषधाची मात्रा कोणी ठरवायची?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगावर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2022च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. निव्होलुमॅब हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे इंजेक्शन एरवी दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम देतात. इथे ते दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम दिले, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या. या औषधाची छोटी कुपी 40 मिलिग्रॅमची असते. म्हणजे एका कुपीत दोन रुग्णांची सोय. चाचणीत 151 रुग्ण होते. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे 16 टक्के हयात होते, इंजेक्शनही मिळालेल्यांपैकी 43 टक्के. पूर्ण मात्रेचा खर्च त्या वेळी आपल्याकडे शंभरात तिघांनाही झेपत नव्हता, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे वजन कळते.

कमी मात्रा पुरेल का, हा प्रश्न कोणत्याही कंपनीने विचारला नसता, आणि त्यात तिचा दोषही नाही. आपला माल कमी खपला तरी चालतो, हे सिद्ध करायला पदरचे पैसे कोण घालील? स्तनाच्या कर्करोगावरची चाचणी तर याहून बोलकी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन टोचायचे, सात ते दहा मिनिटे थांबायचे, मग गाठ काढायची. लिडोकेन म्हणजे दात काढतानाही वापरतात ते बधिरतेचे जुने, स्वस्त औषध. देशातल्या 11 केंद्रांत 1600 स्त्रियांवर हे तपासले गेले. पाच वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण लिडोकेनविना 86.4 टक्के होते, लिडोकेन दिलेल्यांत 90.1 टक्के. पेटंट नाही, नफा नाही, त्यामुळे बाजाराला यात रस असण्याचे कारणच नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे, की कर्करोग विभागातले संशोधन हा उपचार उरकल्यावर करायचा प्राध्यापकी शौक नव्हे. ओपीडीत रोज ज्याच्यावर गाडी अडते, तोच प्रश्न चाचणीत उतरला पाहिजे, आणि त्याचा खर्च सरकारने उचलला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘गरिबांवर प्रयोग’ हा. तो झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीत व्हिनेगरमधल्या अॅसिटिक आम्लाच्या साध्या तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण तुलनेसाठीच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीऐवजी फक्त आरोग्यशिक्षण मिळाले, यावर जोरदार टीका झाली. त्या काळी बाहेरही त्यांची तपासणी होत नव्हती, हा बचाव मला अपुरा वाटतो. समाजात सोय नाही म्हणून चाचणीतही नसावी, हा तर्क फार ताणता येत नाही. मात्र यातून निघतो तो अधिक कडक नीतिसमितीचा आणि मराठीत नीट समजावून घेतलेल्या संमतीचा आग्रह. संशोधनच थांबवावे, असे त्यातून निघत नाही. चाचण्या बंद केल्या तरी गरिबाला पूर्ण मात्रा मिळणार नाहीच, आणि डॉक्टर अंदाजाने कमी मात्रा देत राहतील. तोही प्रयोगच, फक्त नोंद नसलेला.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि मला तो जास्त टोचतो. निव्होलुमॅबच्या 20 मिलिग्रॅमची तुलना 240शी झालेलीच नव्हती, ती झाली ते इंजेक्शन न देण्याशी. त्यामुळे कमी मात्रा काहीच नसण्यापेक्षा बरी, एवढेच सिद्ध झाले. ती पूर्ण मात्रेइतकी गुणकारी आहे, हे नाही. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी रोगाशी लढणाऱ्या पेशींवरच्या औषध चिकटण्याच्या जागा आधीच भरलेल्या असतात, म्हणून तशी आशा ठेवायला जागा आहे. पण आशेवर औषध लिहून देता येत नाही. ही कसर तिच्याकडे नुसते बोट दाखवून भरून निघणार नाही. कमी आणि पूर्ण मात्रेची समोरासमोर तुलना करणारी मोठी चाचणी व्हावी लागेल, आणि तिच्यातली पूर्ण मात्रा विकत घ्यायला बराच पैसा लागेल. कर्करोगाच्या नव्या इमारतींसाठी निधी जाहीर करताना केंद्र आणि राज्य सरकारांनी त्यातला ठरावीक हिस्सा अशा चाचण्यांसाठी बाजूला काढावा, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तो प्रसिद्ध करण्याची अट घालावी.