न वाचलेले निबंध

अमेरिकी विद्यापीठांचे नवे सत्र ऑगस्टअखेर सुरू होते. पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी पुढे संगणकशास्त्र शिकणार असो वा संगीत, इंग्रजी लेखनाचा एक अभ्यासक्रम त्याला बहुतेक ठिकाणी चुकत नाही. पहिल्याच तासाला त्याच्या हाती पाच-सात पानी सिलॅबस पडतो. त्यात धड्यांची यादी थोडी आणि अटी फार. किती तास बुडवलेले चालतील, कच्चा खर्डा कधी द्यायचा, उशीर झाला तर किती गुण कापले जाणार आणि शेवटी शैक्षणिक प्रामाणिकपणाचा परिच्छेद. दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून दिले तर निबंधाला शून्य, फार झाले तर विषयात नापास आणि प्रकरण विद्यापीठाच्या समितीकडे, हे त्यात आडपडदा न ठेवता लिहिलेले असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हापासून या परिच्छेदाला एक शेपूट जोडले गेले असून ते सत्रागणिक लांबते आहे.

हे सारे तिकडचे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले बरेचसे पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले, तरी पदवीच्या वर्गांत बसलेल्यांची संख्याही ३६ हजारांच्या घरात होती. पुण्या-मुंबईतून गेलेली मुले त्यांत आहेतच. त्यांच्यासाठी हा परिच्छेद गुणांपुरता नसतो. वाङ्मयचौर्याच्या ठपक्यावरून निलंबन झाले की पूर्णवेळ नोंदणी जाते आणि एफ-१ व्हिसा त्या नोंदणीवरच तगलेला असतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते मात्र निलंबित होत नाहीत.

या अभ्यासक्रमाचा उगम हार्वर्डचा. १८७४ मध्ये त्या विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाची चाचणी आणली. चांगल्या घरची, चांगल्या शाळांत शिकलेली मुले धड चार परिच्छेद लिहू शकत नाहीत, हे तिथल्या प्राध्यापकांच्या ध्यानात आले. मग ॲडम्स शर्मन हिल यांच्या पुढाकाराने १८८५ पासून पहिल्या वर्षाला लेखनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. बॅरेट वेंडेल हे त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांकडून रोज पानभर मजकूर लिहून घेत. रोज लिहायचे, कोणीतरी ते वाचायचे, लाल शाईने खुणा करायच्या, पुन्हा लिहायचे. हा खटाटोप प्राध्यापकांच्या जिवावर उठणारा होता आणि त्याबद्दलची कुरकुर तेव्हापासून आजतागायत थांबलेली नाही. पण त्या खटाटोपात या अभ्यासक्रमाचे मर्म आहे. इथे शिकवण्याचा विषय म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला मजकूर. तोच खोटा निघाला तर शिकवायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून रसायनशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा लेखनाचा प्राध्यापक प्रामाणिकपणाबद्दल अधिक हळवा असतो.

आपल्या मुलांची पंचाईत होते ती इथे. दहावी-बारावीपर्यंत त्यांनी निबंध लिहिलेले असतात ते गाईडातून पाठ करून. अपेक्षित प्रश्नसंचातला परिच्छेद जितका हुबेहूब उतरवला तितके गुण चांगले, हा त्यांचा बारा वर्षांचा अनुभव. थोरांचे वचन नाव न घेता वापरले तर ते बहुश्रुतपणाचे लक्षण. मित्राची जर्नल उतरवून घेणे याला तर आपण सहकार्य म्हणतो. हाच मुलगा तिकडे गेल्यावर त्याला सांगितले जाते की, वाक्यातले चार शब्द बदलले तरी कल्पना ज्याची त्याचे नाव घ्यावे लागेल. एका विषयासाठी लिहिलेला स्वतःचाच निबंध दुसऱ्या विषयात परवानगीशिवाय देणे हीसुद्धा फसवणूक. खोलीतल्या सोबत्याने निबंध ‘जरा सुधारून’ दिला तर तेही सांगावे लागेल. यातले काहीही त्याला उपजत कळणार नाही. ते शिकवावे लागते आणि शिकायला वेळ लागतो.

तिकडच्या जाणत्यांनी हे ओळखले आहे. लेखनशिक्षणाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९५ मध्येच एक प्रश्न पुढे आणला. नवखा विद्यार्थी अवघड उतारा वाचतो, त्यातले शब्द मागेपुढे करतो, दोन-तीन ठिकाणी प्रतिशब्द घालतो आणि ते आपले लेखन समजतो. हा गुन्हा म्हणायचा की शिकण्यातली एक पायरी? हॉवर्ड यांच्या मते ती पायरी आहे आणि तिच्यासाठी विकत आणलेल्या निबंधाची शिक्षा देणे हा अन्याय आहे. लेखन-अभ्यासक्रमांच्या अमेरिकी प्रमुखांच्या परिषदेने २००३ मध्ये काढलेल्या निवेदनातही जाणूनबुजून केलेली चोरी आणि संदर्भ देण्यातली अडाणी चूक यांत फरक केला गेला. त्या निवेदनातल्या आणखी एका भागाचा विषय फारसा कोणी काढत नाही. वाङ्मयचौर्य टाळण्याची जबाबदारी त्याने विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांवर आणि प्रशासनावरही टाकली आहे. दरवर्षी तोच विषय, तोच प्रश्न, कच्चा खर्डा न मागता थेट अंतिम निबंध मागणे, या सवयी चोरीला आमंत्रण देतात, असा त्याचा रोख.

याहून जुना दाखला स्टॅनफर्डचा. तिथली १९२१ पासूनची प्रामाणिकपणाची संहिता विद्यार्थ्यांवर जशी बंधने घालत होती तशीच शिक्षकांवरही. त्यांनी परीक्षेत पहारा देऊन अविश्वास दाखवायचा नाही आणि नियम मोडण्याचा मोह होईल अशी कार्यपद्धती शक्यतो ठेवायची नाही. शंभर वर्षांनंतर, २०२३ मध्ये, त्याच स्टॅनफर्डने पर्यवेक्षकांना परीक्षागृहात येऊ द्यायचा निर्णय घेतला. काळ बदलला हे खरेच. पण दुहेरी कराराची एक बाजू सैल झाली की दुसरीला आपोआप अधिक घट्ट आवळले जाते, हेही त्यातून दिसते.

आवळण्याचे काम आता यंत्रांवर सोपवले गेले आहे. टर्निटिन ही कंपनी १९९८ मध्ये निघाली ती निबंधांतले उतारे जुळवून दाखवण्यासाठी. २०१९ मध्ये ती पावणेदोन अब्ज डॉलरला विकली गेली, यावरून संशयाच्या बाजारपेठेचा आकार लक्षात यावा. एप्रिल २०२३ मध्ये तिने कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखणारे यंत्रही आणले. जुळवणीचे यंत्र निदान मूळ उतारा समोर ठेवते. विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही तो पाहता येतो. नवे यंत्र फक्त एक टक्केवारी देते. पुरावा नाही, मूळ नाही, उलटतपासणी नाही. शंभरात एखादाच निबंध चुकून दोषी ठरेल, असा कंपनीचा दावा. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याचा हिशेब मांडला. २०२२ मध्ये त्यांच्याकडून ७५ हजार निबंध टर्निटिनकडे गेले होते. म्हणजे साडेसातशेंवर खोटा आळ. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ते यंत्र बंद करून टाकले. चॅटजीपीटीची जन्मदात्री ओपनएआय हिनेही असे एक ओळखयंत्र काढले होते. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये तिने ते गुपचूप गुंडाळले. ज्यांनी लिहिणारे यंत्र बनवले त्यांनाच त्याचे लेखन ओळखता येईना!

या यंत्रांचा फटका कोणाला बसतो, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्के वेळा यंत्रांनी ते माणसाचे नाहीत असे सांगितले. अमेरिकी शाळांतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ अचूक ओळखले. कारण साधे आहे. ही यंत्रे पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे ते मोजतात. परक्या भाषेत लिहिणारा माणूस ठरावीक शब्द, सरळ वाक्ये, व्याकरणाच्या पुस्तकातली वळणे वापरतो. जपून लिहिणे हाच त्याचा गुन्हा ठरतो. नांदेडहून गेलेल्या मुलाने चुका होऊ नयेत म्हणून साधे इंग्रजी लिहावे आणि त्यापायी समितीपुढे उभे राहावे, ही वेळ येऊ शकते. टेक्सासमधल्या एका विद्यापीठात मे २०२३ मध्ये याहून अजब प्रकार घडला. प्राध्यापकाने विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीलाच दाखवून ‘हे तू लिहिलेस का?’ असे विचारले आणि त्याच्या होकारावर विसंबून विद्यार्थ्यांचे निकाल रोखले. असे प्रश्न विचारले तर ते यंत्र कशावरही हक्क सांगते, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते निबंध मन लावून वाचले असते, विद्यार्थ्यांना बोलावून दहा मिनिटे विचारपूस केली असती, तर ही शोभा टळली असती.

आमच्या मते प्रश्नाचे मूळ याच ठिकाणी आहे. विद्यार्थ्याचे लेखन कोणी वाचत असेल तर चोरी लपत नाही आणि ती करावीशीही कमी वाटते. दुसऱ्या आठवड्यात विषयाची निवड, चौथ्यात कच्चा खर्डा, पाचव्यात वर्गमित्रांचे शेरे, सहाव्यात शिक्षकासमोर बसून चर्चा, अशा पायऱ्यांनी वाढलेला निबंध परका असूच शकत नाही. शिक्षकाला त्या मुलाचे वाक्य ओळखू येते, त्याचे लाडके शब्द आणि नेहमीच्या चुकासुद्धा. याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. लेखनशिक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या शिफारशीनुसार लेखनाच्या वर्गात वीसपेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, पंधरा असतील तर उत्तम, आणि एका शिक्षकाकडे सत्रात साठहून अधिक लेखन-विद्यार्थी नकोत. प्रत्यक्षात तिथेही हे वर्ग मोठ्या प्रमाणावर कंत्राटी शिक्षक आणि संशोधक विद्यार्थी चालवतात. दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करत शिकवणाऱ्या, पुढच्या सत्राची शाश्वती नसलेल्या माणसाने प्रत्येक खर्डा दोनदा वाचावा ही अपेक्षा विद्यापीठ कोणत्या तोंडाने करते? ओळखयंत्राचे वर्गणीशुल्क शिक्षकाच्या पगारापेक्षा स्वस्त पडते, एवढाच या यंत्रप्रेमाचा अर्थ. त्यात आता निबंध तपासायलाही यंत्रे आली आहेत. यंत्राने लिहायचे आणि यंत्रानेच तपासायचे, मग मधली माणसे शुल्क कशाचे भरतात, हे विद्यार्थ्याने विचारले तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

आता आपल्या अंगणात यावे. परीक्षेतील गैरप्रकार रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८२ मध्येच केला. कॉपीमुक्त अभियाने होतात, भरारी पथके फिरतात. म्हणजे अप्रामाणिकपणाची आपली कल्पना परीक्षागृहाच्या चार भिंतींत मावते. त्याबाहेर, महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या वर्षीचे प्रकल्प मुखपृष्ठ बदलून, स्पायरल बाइंडिंगसह मिळतात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्यांवरच दिले जातात, आणि हे दुकानदार, विद्यार्थी, प्राध्यापक, प्राचार्य सगळ्यांना माहीत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, चाळीसपर्यंत सहा महिन्यांत दुरुस्ती, साठपर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द, अशी ही दरपत्रकासारखी रचना. तिचा परिणाम असा झाला की प्रबंध लिहिणारा विचार कोणाचा यापेक्षा आकडा किती याची काळजी करू लागला. साम्य खाली आणून देणारे व्यावसायिकही मग उभे राहिले. मागणी तिथे पुरवठा.

त्याच नियमांत पदवीपासूनच्या अभ्यासक्रमांत शैक्षणिक प्रामाणिकपणाचा भाग सक्तीने घालण्याचे कलम आहे, हे किती कुलगुरूंना आठवते? पीएच.डी.साठी संशोधननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम २०१९ अखेर सक्तीचा झाला. पण पंचविशीतल्या संशोधकाला अवतरणचिन्ह कुठे द्यावे हे शिकवायला बसणे म्हणजे वरातीमागून घोडे. ही शिकवण पदवीच्या पहिल्या वर्षाला, इंग्रजीच्या आणि मराठीच्याही तासाला हवी. नव्या शैक्षणिक धोरणाने भाषांचे विषय क्षमतावर्धनाच्या नावाखाली ठेवले आहेत. नाव भारदस्त आहे. क्षमता वाढवायची तर शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या तुकडीपुढे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला उभे करून ती वाढणार नाही. त्याला मानधन मिळते ते तासांचे. घरी नेलेल्या गठ्ठ्याचा त्यात हिशेब नाही. मग गठ्ठा घरी जात नाही, आणि गेलाच तर पानावर तिरकी रेघ मारून परत येतो.

तेव्हा पहिले पाऊल ओळखयंत्रांच्या निविदा काढण्याचे असू नये. भाषेच्या लेखन-तासिकेसाठी तुकडीचे पंचवीस-तीसचे गट करावेत. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना खर्डे वाचण्याचे वेगळे मानधन द्यावे. अंतर्गत गुणांतला निम्मा वाटा अंतिम प्रतीऐवजी खर्डे आणि त्यांवरील तोंडी चर्चा यांना द्यावा. विद्यार्थ्याने यंत्राची मदत घेतली असेल तर कुठे आणि किती, हे शेवटी चार ओळींत लिहावे आणि खरे लिहिल्याबद्दल त्याचे गुण कापले जाऊ नयेत. हे करायला नवा कायदा लागत नाही. विद्यापीठांची अभ्यासमंडळे आणि विद्या परिषद यांना ते याच वर्षी ठरवता येईल. पैसा लागेल, आणि तो राज्य सरकारला द्यावा लागेल. वर्षानुवर्षे रिक्त असलेली प्राध्यापकांची पदे भरण्याचा विषय त्याच बैठकीत निघाला तर उत्तम, कारण वाचायला माणूसच नसेल तर खर्डे मागवून करणार काय?