तबकडीची साक्ष: एल्गारचा 'निमरॉड' संथ कोणी केला?

१/ इतिहासाच्या अभ्यासकांना एक जुनी खोड आहे. कागद सापडला की तो पुरावा, आणि आवाज सापडला की ती करमणूक. एका ताम्रपटाच्या तिथीवर वर्षानुवर्षे वाद घालणारी माणसे जुन्या ध्वनिमुद्रिकेसमोर बसली की डोळे मिटून 'काय तो काळ होता!' एवढेच म्हणतात. हा धागा या खोडीविरुद्ध आहे. उदाहरण इंग्लंडचे आहे, दुखणे मात्र आपलेही आहे.

२/ उदाहरण सर एडवर्ड एल्गार (१८५७–१९३४) या संगीतकाराचे. आडनावाचा उच्चार आपल्या 'एल्गार' या शब्दाशी जुळतो, तो निव्वळ योगायोग. ग्रामोफोनकडे गांभीर्याने पाहणाऱ्या पहिल्या मोठ्या संगीतकारांत त्याची गणना होते. २१ जानेवारी १९१४ रोजी त्याने आपली पहिली तबकडी मुद्रित केली. त्यानंतर वीस वर्षे, थेट मृत्यूच्या आदल्या महिन्यापर्यंत, तो स्वतःच्या रचना मुद्रित करत राहिला.

३/ त्याची 'एनिग्मा व्हेरिएशन्स' ही रचना १९ जून १८९९ रोजी लंडनमध्ये प्रथम सादर झाली. मूळ एक धून आणि तिची चौदा रूपे. जवळजवळ प्रत्येक रूप म्हणजे त्याच्या परिचयातील एखाद्या व्यक्तीचे स्वरचित्र. नववे रूप 'निमरॉड'. निमरॉड हा बायबलमधला शिकारी. एल्गारचा मित्र ऑगस्टस येगर हा संगीत-प्रकाशन संस्थेत काम करत असे आणि 'येगर' म्हणजे जर्मन भाषेत शिकारी. मित्राच्या आडनावावर केलेली ही प्रेमळ कोटी.

४/ आज मात्र 'निमरॉड' ऐकला की इंग्रज माणसाला शोक आठवतो. नोव्हेंबरमध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ लंडनच्या सेनोटाफपाशी जो राष्ट्रीय सोहळा होतो, त्यात तो वाजतो, अंत्यविधींतही वाजतो. अतिशय संथ, जड, पावलागणिक थबकणारा. आणि मग आपल्याकडचे धागेकारही लिहून मोकळे होतात: 'एल्गारने इंग्लंडच्या दुःखाला स्वर दिला.' या वाक्याला आधार कोणता?

५/ आधी कागदाला विचारू. १८९९ साली येगर हयात होता. तो वारला १९०९ मध्ये. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी बेथोव्हेनच्या संथ रचनांवर तो आपल्याशी भरभरून बोलला, त्या गप्पांची ही आठवण, असे एल्गारने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. म्हणजे हे दोन जिवंत मित्रांचे संभाषण आहे. त्यात प्रेत नाही, स्मारक नाही, महायुद्ध तर नाहीच नाही.

६/ आता लय. छापील स्वरलिपीत 'निमरॉड'साठी मिनिटाला ५२ मात्रा असा स्पष्ट निर्देश आहे. तुकडा ४३ बारांचा, प्रत्येक बारात ३ मात्रा. गुणाकार करा: १२९ मात्रा. त्यांना ५२ ने भागा: अडीच मिनिटे. अधूनमधून लय सैल होते हे धरले, तरी आकडा तीन मिनिटांच्या आसपासच राहतो.

७/ आता तबकडीला विचारू. १९२६ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये रॉयल आल्बर्ट हॉल ऑर्केस्ट्राकडून ही संपूर्ण रचना मुद्रित झाली. संचालन स्वतः एल्गारचे. त्यातला 'निमरॉड' तीन मिनिटांच्या आत संपतो. लिओनार्ड बर्नस्टाइनने १९८२ साली बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रासह केलेल्या मुद्रणात तोच तुकडा पाच मिनिटांहून अधिक चालतो. स्वर तेच, क्रम तोच. मधला काळ मात्र जवळजवळ दुप्पट झाला.

८/ १९२६ हे वर्षही लक्षात घ्या. महायुद्ध संपून आठ वर्षे झाली होती. येगर जाऊन सतरा वर्षे झाली होती. एल्गारची पत्नी १९२० मध्येच वारली होती. शोक करायला त्या माणसापाशी कारणे पुरेशी होती. तरीही त्याचा 'निमरॉड' चालतो, बोलतो, मध्येच आवेगाने पुढे झेपावतो. त्याला शवयात्रेची चाल राष्ट्रीय सोहळ्यांनी आणि त्या सोहळ्यांच्या छायेत वाढलेल्या पिढ्यांनी दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

९/ यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: 'तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत. जागा नव्हती म्हणून सगळे घाईने वाजवत. हा कसला पुरावा?' आक्षेप वरवर बिनतोड वाटतो आणि बहुतेक चर्चा इथेच संपतात. संपू नयेत.

१०/ कारण ५२ मात्रांचा निर्देश तबकडीच्या कितीतरी आधीचा आहे. तो छापला गेला तेव्हा या रचनेचे मुद्रण करण्याचा विचारही कोणाच्या मनात नसेल. आणि गंमत पाहा: त्या निर्देशाप्रमाणे अडीच मिनिटे होतात, एल्गारने प्रत्यक्षात त्याहून थोडा अधिक वेळ घेतला. यंत्राने त्याला घाई करायला लावली असती, तर तो स्वतःच्याच कागदापेक्षा संथ का गेला असता? दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. इतिहासात यालाच पुष्टी म्हणतात.

११/ दुसरा आक्षेप यंत्राच्या वेगाचा. 'त्या काळी तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच फिरत असतील कशावरून?' प्रश्न रास्त आहे आणि उत्तर गणितात आहे. तबकडी वेगाने फिरली की स्वरही चढतो. वेग सुमारे ६ टक्के वाढला, तर सूर अर्ध्या स्वराने वर जातो. इतकी मोठी चूक झाली असे मानले, तरी पाच मिनिटांची जेमतेम पावणेपाच मिनिटे होतील. तीन कधीच होणार नाहीत.

१२/ आता मोर्चा दुसऱ्या गोटाकडे. हे लोक तबकडीला पुरावा मानतात, पण देवाज्ञेसारखा. 'खुद्द संगीतकाराने वाजवले, म्हणजे तेच खरे, बाकी सारे भ्रष्ट.' यांच्या भक्तीनेही इतिहासाचे तितकेच नुकसान होते. दस्तऐवजाची उलटतपासणी टाळण्यासाठी 'लेखक मोठा होता' हे कारण चालत नाही. बखरीला चालत नाही, तसे तबकडीलाही नाही.

१३/ १९१६ चे उदाहरण घ्या. मेरी हॉल या व्हायोलिनवादिकेसह एल्गारने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो मुद्रित केला. रचना सुमारे पन्नास मिनिटांची; तबकड्यांच्या बाजू चारच. एल्गारने स्वतःच्या हाताने तिची काटछाट केली आणि एक तृतीयांश मजकूर उरवला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत. त्या कर्ण्याला तंतुवाद्यांची हलकी छेड ऐकू येणार नाही म्हणून त्याने तिथे हार्प घातला. मूळ रचनेत हार्प नाही.

१४/ म्हणजे १९१६ ची तबकडी ऐकून 'एल्गारच्या कॉन्चेर्टोत हार्प होता' असे कोणी लिहिले, तर ते चूक. आणि 'संगीतकाराने यंत्राशी अशी तडजोड केली' असे लिहिले, तर तो अस्सल इतिहास. पुरावा एकच, फरक आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो याचा. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, आणि १९३२ मध्ये सोळा वर्षांच्या येहुदी मेन्युहिनसह तोच कॉन्चेर्टो सहा तबकड्यांच्या बारा बाजूंवर संपूर्ण मुद्रित झाला.

१५/ भक्तांसाठी आणखी एक पेच. चेलो कॉन्चेर्टो बिअट्रिस हॅरिसन हिने १९२८ मध्ये एल्गारच्या संचालनाखाली वाजवला: सुमारे २५ मिनिटे. जॅकलीन द्यू प्रे हिने १९६५ मध्ये वाजवला: सुमारे ३० मिनिटे, आणि जग त्यालाच आदर्श मानते. मग द्यू प्रेची परंपरा खोटी? पण तिच्यासोबत संचालन करणारा जॉन बार्बिरोली १९१९ च्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदात चेलो वाजवत बसला होता. त्याने एल्गारला समोरून पाहिले होते आणि तरीही वेगळी वाट धरली. तबकडी एका दिवसाची साक्ष देते. ती कायदा सांगत नाही.

१६/ मग तबकडीपाशी कागदाहून अधिक असे काय आहे? हे ऐका: एल्गारच्या मुद्रणांत व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. आपल्याला मिंडेची आठवण यावी इतके ते स्पष्ट आहे. हे घसरणे स्वरलिपीत बहुतांशी लिहिलेलेच नाही, कारण त्या पिढीच्या वादकांना ते लिहून सांगण्याची गरज नव्हती. पुढच्या पिढ्यांनी ते भाबडे ठरवून टाकून दिले. ध्वनिमुद्रणे नसती, तर ही संपूर्ण वाद्यभाषा निव्वळ ऐकीव वर्णनांत उरली असती.

१७/ आता आपल्या घराकडे वळू. एल्गारच्या मुद्रणांमागे ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हा माणूस होता. हाच गाइसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात आला होता आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले होते. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारतात. त्यात नखरा शोधणाऱ्यांनी एवढे जाणावे की तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून ती सोय होती.

१८/ म्हणून जेव्हा कोणी मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी लावून 'जुने लोक असे आटोपशीर गात' म्हणतो, तेव्हा त्याला १९१६ चा तो हार्प दाखवावा. मैफल वेगळी, तबकडी वेगळी. तबकडीवरून गळ्याची फिरत, श्रुतींचा लगाव, उच्चार यांविषयी बोलता येईल. मैफलीच्या विस्ताराविषयी नाही. कोणत्या प्रश्नाला हा साक्षीदार पात्र आहे, हे ठरवणे हेच आपले काम.

१९/ 'पण एल्गार साम्राज्याचा भाट होता, त्याचे एवढे कौतुक कशाला?' हा प्रश्न येणारच. कौतुक नाहीच, साक्ष घेतो आहे. दिल्ली दरबारानंतर मार्च १९१२ मध्ये लंडनच्या कोलिसियम नाट्यगृहात 'द क्राउन ऑफ इंडिया' हा भपकेबाज खेळ झाला. संगीत आणि संचालन एल्गारचे. त्या संगीतातले निवडक तुकडे त्याने १९३० मध्ये तबकडीवर आणले. त्याच वर्षी दांडीयात्रा झाली आणि मे महिन्यापासून गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते.

२०/ ही तबकडी एल्गारला दोषमुक्त करत नाही, उलट गुंतवते. आणि तीन मिनिटांचा 'निमरॉड' त्याला केवळ साम्राज्याचा गंभीर पुतळाही होऊ देत नाही. दोन्ही तबकड्या एकाच हाताच्या. एकच ऐकून धागा लिहिणारा, मग तो भाट असो वा निंदक, अर्धा पुरावा दडवतो. वसाहतीच्या वारसांना तर ही चैन मुळीच परवडणारी नाही. आपल्याविषयी अर्ध्या पुराव्यावर किती लिहिले गेले, हे आपण जाणतो.

२१/ या माणसाला स्वतःला तबकडी किती मोलाची वाटत होती? २२ जानेवारी १९३४. एल्गार वूस्टरच्या घरी मृत्युशय्येवर. लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत वाद्यवृंद बसला होता. टेलिफोनच्या तारेने ते दालन त्याच्या खोलीशी जोडले गेले. 'कॅरॅक्टकस' या आपल्या जुन्या रचनेतील तुकड्यांचे मुद्रण त्याने बिछान्यावरून ऐकले आणि सूचना दिल्या. २३ फेब्रुवारीला तो गेला. अशा ऐवजाला 'खरखरणारी जुनी रेकॉर्ड' म्हणून बाजूला सारणे हे अज्ञान आहे, आणि आता त्याला निमित्तही उरलेले नाही. त्याची बहुतेक मुद्रणे आज सहज ऐकता येतात.

२२/ तेव्हा यापुढे जुनी तबकडी कुठेही चढवण्यापूर्वी एवढे विचारा. मुद्रणाचे वर्ष कोणते? कर्ण्यासमोरचे की मायक्रोफोनसमोरचे? किती बाजू, आणि काय कापले? वेग तपासला का? दुसरा स्वतंत्र पुरावा काय म्हणतो? माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील, तर आधी लेबलावरचे क्रमांक उतरवून घ्या. पुसण्या-विकण्याचे नंतर बघा.

२३/ १९३१ च्या नोव्हेंबरात ॲबी रोडचा स्टुडिओ सुरू झाला, त्या दिवशीची एक छोटी चित्रफीत उपलब्ध आहे. वृद्ध एल्गार वादकांसमोर उभा आहे आणि त्यांना आपली सर्वांत घासून गुळगुळीत झालेली धून वाजवायची आहे. तो त्यांना सांगतो, ही पूर्वी कधी ऐकलीच नाही अशा रीतीने वाजवा. वादकांना दिलेली ती सूचना इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही लागू पडते. आज रात्री १९२६ चा 'निमरॉड' लावा, घड्याळ समोर ठेवा, आणि मग बोलू.