नियमात बसलेला धूर

कारखान्याचे धुराडे नियमात बसले म्हणजे शेजारच्या घरातील माणूस सुरक्षित झाला, असा समज आपल्या कारभारात रूढ झाला आहे. तो सोयीचा आहे, परंतु खरा नाही. नियम पाळल्यानंतरही जो धोका उरतो त्याचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न वाळूजच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असा आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहू लागला की तो वाळूजवरून गोलवाडीकडे, छावणीकडे आणि पुढे शहराकडे येतो. छावणीचा कारभार निराळा, महानगरपालिकेचा निराळा, रांजणगाव-जोगेश्वरीच्या ग्रामपंचायतींचा निराळा. वाऱ्याला मात्र या हद्दी ठाऊक नाहीत.

प्रश्न नवा नव्हे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवा, पाणी व जमीन मिळून देशातील ८८ औद्योगिक परिसरांना गुण दिले. त्यांत सत्तरीच्या वर गेलेल्या ४३ अतिप्रदूषित परिसरांत तत्कालीन औरंगाबाद ७७.४४ गुणांनी होते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही शहराचा समावेश झाला. पण त्या कार्यक्रमाचे मुख्य माप धुळीचे आहे. द्रावकांची वाफ धुळीसारखी डोळ्यांत जात नाही, आणि रस्त्यावर पाणी फवारून ती खालीही बसत नाही.

बेन्झीनचेच उदाहरण घ्या. आपल्या २००९ च्या मानकानुसार एका घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅमपर्यंत बेन्झीन चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या मार्गदर्शिकेचा अंदाज असा, की अवघे १ मायक्रोग्रॅम जन्मभर श्वासात गेल्यास दहा लाखांत सुमारे सहा जणांना रक्ताचा कर्करोग जडण्याची शक्यता वाढते. त्या हिशेबाने आपली मर्यादा काटेकोर पाळूनही दहा लाखांत तीस जणांचा धोका शिल्लक राहतो. ही मर्यादा म्हणजे निर्भयतेची हमी नव्हे. कायद्याने पत्करलेली ती जोखीम आहे.

अमेरिकेने १९९० साली आपल्या स्वच्छ हवा कायद्यात हीच गोष्ट ओळखली. तेथे आधी उत्तम यंत्रसामग्रीच्या आधारे कारखान्यांवर मर्यादा घालावयाची, आणि आठ वर्षांच्या आत उरलेला धोका तपासावयाचा, असा क्रम ठरला. सर्वांत जवळच्या व सर्वाधिक झळ सोसणाऱ्या माणसाचा कर्करोगाचा जादा धोका दहा लाखांत एकाहून अधिक निघाला, तर मर्यादेचा फेरविचार करणे भाग पडते. व्यवहारात तेथेही दहा लाखांत शंभरापर्यंतच्या धोक्याकडे बहुधा सवलतीने पाहिले जाते, हे आम्ही जाणतो. तथापि सवलत देण्यापूर्वी आकडा मांडावा लागतो. आमच्या १९८१ च्या हवा कायद्यात अशा दुसऱ्या तपासणीची सक्ती नाही.

यावर उत्तर मिळेल की कारखान्यांनी या जिल्ह्याला भाकरी दिली. ते खरे आहे, आणि आम्ही ते विसरलेलो नाही. परंतु बजाजनगरातील जो कामगार दिवसा पाळी करतो, तोच रात्री त्याच हवेत मुलांसह निजतो. भाकरीच्या बदल्यात फुप्फुस मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. लहान कारखानदाराला खर्च झेपत नसेल तर शासनाने त्याला अर्थसाहाय्य द्यावे. त्याचा भार शेजाऱ्याच्या छातीवर टाकू नये.

आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक कारखाना कोणती घातक द्रव्ये वर्षाकाठी किती हवेत सोडतो, याची यादी मराठीत ग्रामपंचायतीच्या व छावणीच्या कार्यालयांत लावावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने घाटी रुग्णालयाच्या साहाय्याने सर्वांत जवळच्या घरांचा उरलेला धोका मोजावा, आणि शहराच्या कर्करोग नोंदवहीशी तो ताडून पाहावा. संमतिपत्राचे नूतनीकरण या हिशेबाविना होऊ नये.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळने एका रात्रीचे विष पाहिले आणि देशाने कायदे कडक केले. थेंबाथेंबाने येणाऱ्या विषाची अशी तारीख नसते, म्हणून त्याची वाच्यता होत नाही. ती तारीख नसली तरी आकडा असतो. तो आकडा जनतेपुढे ठेवा, एवढेच आमचे शासनास सांगणे आहे.